लिटल जो आणि शुद्धतेचे कैवारी

टेक्सासमधील मेक्सिकन वंशाच्या लोकांचे संगीत ‘तेहानो’ या नावाने ओळखले जाते. या संगीतावर दोन शेजारी देशांनी मिळून एकच आरोप ठेवला आहे, आणि तो म्हणजे भेसळीचा. मेक्सिकोतील अभिजनांच्या मते ते अमेरिकेच्या संसर्गाने बाटलेले आहे. अशा बाटलेल्या माणसासाठी तेथे ‘पोचो’ असा एक कुत्सित शब्दच रूढ आहे. अमेरिकेतील ध्वनिमुद्रिकांच्या व्यापाऱ्यांच्या मते ते परदेशी आहे. एखादे प्रकरण दोन्ही खात्यांनी ‘आमच्या अखत्यारीत येत नाही’ असा शेरा मारून परत पाठवावे आणि अर्जदार मात्र दोन्ही कचेऱ्यांच्या मधल्या व्हरांड्यात उभा राहावा, अशातला हा प्रकार आहे. सरकारी नोकरीत केस पांढरे झालेल्या आमच्या वाचकांना तो अपरिचित नसावा.

या आरोपाचा प्रतिवाद करावयाचा तर तो सोप्या उदाहरणावर करण्यात स्वारस्य नाही. सेलेना किंतानिया या तरुण गायिकेचे नाव तिच्या १९९५ मधील हत्येनंतर जगभर झाले. तिच्याविषयी सहानुभूती मिळवणे कठीण नाही. आम्ही ज्याची बाजू मांडणार आहोत तो होसे मारिआ दे लेओन एर्नांदेस, म्हणजे ‘लिटल जो’, हा आरोपी म्हणून अगदी आदर्श आहे. त्याचे नाव इंग्रजी, त्याच्या वाद्यवृंदाचे पहिले नाव इंग्रजी वळणाचे, वाद्ये जॅझमधली, ताल युरोपीय शेतकऱ्यांच्या नाचाचा, आणि गाणी मेक्सिकोची. भेसळीचा पुरावा याहून अधिक तो काय हवा?

लिटल जो याचा जन्म १७ ऑक्टोबर १९४० रोजी मध्य टेक्सासमधील टेंपल या रेल्वेच्या गावी झाला. तेरा भावंडांतला तो सातवा. जन्माचे घर म्हणजे तीन भिंतींचा, मातीच्या जमिनीचा मोटारखाना. कुटुंब कापूस वेचणाऱ्यांचे. मुलांच्या हातीही कापसाची लांब पिशवी लवकरच आली. गावात गोऱ्यांची वस्ती वेगळी होती, आणि मेक्सिकनांचा शेजार कृष्णवर्णीयांचा. त्यामुळे ब्लूज आणि जॅझ त्याच्या कानावर शेजारघरातून पडले. रेडिओवर गोऱ्या गुराख्यांची ‘कंट्री’ गाणी लागत. घरात ‘रांचेरा’ ही मेक्सिकोची ग्रामीण धाटणीची भावगीते गायली जात. शिवाय त्या मुलखात चेक आणि जर्मन शेतकऱ्यांची वस्ती मोठी. त्यांच्या सभागृहांतून पोल्का वाजत असे. आता शुद्धतेच्या कैवाऱ्यांनी सांगावे की या मुलाचे ‘स्वतःचे’ संगीत यांपैकी कोणते होते, आणि उरलेल्यांना त्याने कान झाकून कसे अडवावयास हवे होते.

त्याच्या एका चुलतभावाचा, डेव्हिड कोरोनादो याचा, ‘लॅटिनेअर्स’ नावाचा लहानसा वाद्यवृंद होता. त्यात लिटल जो गिटार घेऊन शिरला तो पंधराव्या वर्षाच्या आगेमागे. १९५८ साली कॉर्पस ख्रिस्ती येथील तोरेरो कंपनीने त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. ‘सफारी’ नावाची ही रॉक-अँड-रोल पद्धतीची केवळ वाद्यरचना होती. म्हणजे पुढे गायक म्हणून गाजलेल्या या माणसाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत गाणेच नाही. कोरोनादो लवकरच बाहेर पडला आणि वृंदाची सूत्रे लिटल जोकडे आली. जेसी हा भाऊ वृंदात बास गिटार वाजवी व गाण्यात साथ करी. तो १९६४ साली मोटारीच्या अपघातात गेला. पुढे जॉनी हा दुसरा भाऊ जोडीच्या स्वरासाठी उभा राहिला. तेहानो गाण्यात दोन आवाज एकमेकांना धरून तिसऱ्या सुरावर चालतात. ती जोडी भावांची असली की तिला एक निराळा ओलावा येतो, हे कानांना पटते.

आता त्या आरोपातील पहिला मुद्दा. पोल्का आणि अकॉर्डियन ही परकी, हे ऐतिहासिक सत्य आहे. पोल्का बोहेमियातून निघाला आणि एकोणिसाव्या शतकात जर्मन व चेक वसाहतवाल्यांबरोबर रिओ ग्रांदे नदीच्या दोन्ही तीरांवर पोचला. पण तेथे पोचल्यावर त्याचे काय झाले? नार्सिसो मार्तीनेस या शेतमजूर वादकाने १९३६ साली सांतियागो आल्मेदाच्या साथीने पहिली ध्वनिमुद्रिका केली, तेव्हा त्याने अकॉर्डियनच्या डाव्या हाताकडील खर्जाच्या कळा जवळजवळ सोडूनच दिल्या आणि तो भार आल्मेदाच्या ‘बाहो सेक्स्तो’ या बारा तारांच्या जाड आवाजाच्या गिटारीवर टाकला. उजवा हात मोकळा झाला, स्वर तुटक, खणखणीत झाले, आणि जर्मन शेतकऱ्याने ऐकले असते तर आपलेच वाद्य ओळखण्यास त्याला क्षणभर लागला असता. अशा जोडीतून ‘कोनहुंतो’ नावाचा लहान वृंद घडला. एखादी वस्तू परक्याकडून आली एवढ्यावर ती परकी ठरत असेल, तर जगात स्वतःचे असे कोणापाशी फारसे काही उरणार नाही.

हे आम्हां मराठी माणसांना तरी सांगण्याची गरज पडू नये. अकॉर्डियन आणि आपली बाजाची पेटी या एकाच कुळातल्या. दोहोंत वाऱ्याने कंप पावणारी धातूची जिभली स्वर देते. ही पेटी युरोपातून आली. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिच्यातून जे काढले ते मराठी रंगभूमीचे धन झाले. तरीही १९४० साली आकाशवाणीने शुद्धतेच्या नावाखाली तिच्यावर बंदी घातली, आणि ती बंदी सैल होण्यास १९७१ साल उजाडावे लागले. बंदीचा हुकूम काढणारे इंग्रज अधिकारी निघून गेले. हुकूम मात्र स्वतंत्र देशात चोवीस वर्षे तसाच पाळला गेला. त्या अवधीत घरोघरच्या भजनांतून पेटी एक दिवसही बंद पडली नाही, हेही नमूद करावयास हवे.

दुसरा मुद्दा अधिक विद्वत्तेचा आहे. मॅन्युएल पेन्या या संशोधकाने १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात कोनहुंतो हे श्रमिकांचे संगीत आणि ‘ओर्केस्ता’, म्हणजे सॅक्सोफोन-ट्रंपेटचा मोठा वृंद, हे वर चढू पाहणाऱ्या मध्यमवर्गाचे संगीत, अशी मांडणी केली. मांडणी भक्कम आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी प्रादेशिक ध्वनिमुद्रण सोडून दिल्यावर, १९४६ च्या सुमारास आलिस या गावी ‘इदेआल’ नावाची स्थानिक कंपनी निघाली; तिच्यासाठी सॅक्सोफोनवादक बेतो विया याने जे ध्वनिमुद्रण केले त्यास मेक्सिकन दुकानदार व युद्धावरून परतलेले सैनिक यांनी डोक्यावर घेतले, हे खरेच आहे. पण ग्रंथकाराने सावधपणे आखलेली रेषा त्याचे अनुयायी कोयत्याने ओढतात. त्यांच्या लेखी अकॉर्डियन म्हणजे कष्टकरी आणि ट्रंपेट म्हणजे साहेबी. मग बेतो वियानेच नार्सिसो मार्तीनेसला आपल्या ध्वनिमुद्रणासाठी बोलावले त्याचे काय करावयाचे? आणि मोटारखान्यात जन्मून कापूस वेचलेल्या मुलाने ट्रंपेट व ट्राँबोन यांचा वृंद उभा केला, तो कोणत्या वर्गाच्या खाती मांडावयाचा? पेन्या याने स्वतः या अडचणीकडे डोळेझाक केलेली नाही. लिटल जोच्या ठिकाणी हे दोन प्रवाह मिळाले असेच तो म्हणतो. अडचण आहे ती केवळ प्रस्तावना वाचून मते बनवणाऱ्यांची.

श्रमिकाने नेहमी श्रमिकाचेच वाद्य वाजवावे ही अपेक्षा वरवर सहानुभूतीची दिसते. तिच्या पोटात मात्र जुनाच हुकूम आहे: आपल्या पायरीने असा.

तिसरा मुद्दा भाषेचा, आणि येथे प्रकरण गंभीर होते. टेक्सासमध्ये १९१८ साली कायदा होऊन सार्वजनिक शाळांतून इंग्रजीखेरीज अन्य भाषेत शिकवणे हा गुन्हा ठरला. द्वैभाषिक शिक्षणास तेथे कायद्याने वाट मिळाली ती १९६९ मध्ये. मधल्या अर्धशतकात कित्येक शाळांच्या आवारात स्पॅनिश शब्द तोंडून गेला म्हणून मुलांनी छड्या खाल्ल्या. ज्या पिढीच्या हाताला ते वळ होते त्या पिढीपुढे सरळ दोन वाटा होत्या. सॅन आंतोनिओच्या सनी ओसूना याने १९६३ साली ‘टॉक टू मी’ हे इंग्रजी गीत गाऊन अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत अकरावा क्रमांक मिळवला. सॅन बेनितोच्या बाल्देमार वेर्ता याने गिटारीवरचे कारखान्याचे नाव उचलून ‘फ्रेडी फेंडर’ असे नाव घेतले आणि १९७५ मध्ये कंट्री गायक म्हणून पहिला क्रमांक गाठला. या दोघांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही; सनी तर लवकरच स्पॅनिश गाण्यांकडे परतला. लिटल जोही त्या वाटेवर होताच. एकसारखे कोट, चकचकीत बूट, इंग्रजी धाटणीचे वृंदनाम, सारे काही होते. परंतु साठीच्या दशकाच्या मध्यास डॅलसच्या सारापे कंपनीसाठी त्याने ‘पोर उन आमोर’ ही जुनी रांचेरा पोल्काच्या तालावर बांधून गायली आणि टेक्सासभरच्या नृत्यगृहांनी ती उचलून धरली. पैसा इंग्रजीत अधिक होता. श्रोता स्पॅनिशमध्ये होता. त्याने श्रोता निवडला.

दशकाच्या अखेरीस तो कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात गेला. तेथे सान्ताना प्रभृतींचे लॅटिन रॉक जोरात होते. डेलॅनोच्या द्राक्षमळ्यांतील मजुरांचा १९६५ मध्ये सुरू झालेला संप देशभर गाजत होता. आणि मेक्सिकन वंशाचे तरुण ‘चिकानो’ हा एके काळचा हिणकस शब्द अभिमानाने मिरवू लागले होते. एकसारखे कोट गेले, केस वाढले, आणि ‘लॅटिनेअर्स’ हे नाव टाकून वृंदाने ‘ला फामिलिआ’, म्हणजे कुटुंब, असे नाव धारण केले. पूर्ण नाव ‘लिटल जो इ ला फामिलिआ’. यातला ‘इ’ म्हणजे आपला ‘आणि’. एका बाजूस इंग्रजी, दुसऱ्या बाजूस स्पॅनिश, मध्ये हे एकाक्षरी उभयान्वयी अव्यय. शुद्धतावादी या नावातील एक बाजू खोडावयास सांगतात. कोणती खोडावी यावर मात्र त्यांच्यात एकमत नाही.

१९७२ साली त्याने ‘ब्वेना स्वेर्ते’ या स्वतःच्या कंपनीतर्फे ‘पारा ला हेन्ते’, म्हणजे ‘लोकांसाठी’, हा संग्रह काढला. त्यातले ‘लास नुबेस’ (ढग) हे गीत शेतमजुरांच्या सभांतून आणि विद्यार्थ्यांच्या मोर्चांतून असे पसरले की त्यास चिकानोंचे अघोषित राष्ट्रगीत म्हणण्याचा प्रघात पडला. या ध्वनिमुद्रिकेतील रचना लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे. गायकाचा स्वर उघडा, रानातला, रांचेराचा, ताल पोल्काचा, आणि गाण्याची ओळ जेथे थांबते तेथे ट्रंपेट-ट्राँबोन असे काही जॅझचे स्वरसंघ लावून जातात की श्रोता क्षणात कापसाच्या शेतातून महानगरात येतो, आणि पुढच्या ओळीला पुन्हा शेतात. या दोन ढंगांस तेथील लोकांत ‘रांचेरो’ आणि ‘हाइतोन’ अशी नावे आहेत. दुसरा शब्द इंग्रजीतील ‘हाय टोन’चा अपभ्रंश आहे, ही गंमत सोडून देण्याजोगी नाही. दोन भाषा जाणणारा माणूस एका वाक्यात सहज एकीतून दुसरीत जातो, तसेच हे संगीतातले येणेजाणे आहे असे पेन्या सांगतो, आणि येथे आम्ही त्याच्याशी पूर्ण सहमत आहोत. भेसळ आणि हे येणेजाणे यांत फरक आहे. दुधात पाणी घालणारा ते लपवतो. लिटल जो आपला प्रत्येक सांधा ऐकू येईल असा ठेवतो.

मात्र आमचा वाद केवळ शत्रूंशी नाही. त्याच्या भक्तांशीही आहे. चळवळीच्या इतिहासकारांनी त्याला झेंड्यावर चढवले आणि खाली उतरू दिले नाही. ‘लास नुबेस’मध्ये कोणाही पुढाऱ्याचे नाव नाही, संपाचा उल्लेख नाही, एकही घोषणा नाही. ते दमलेल्या माणसाचे गाणे आहे, आणि त्याच्यावर लोक नाचतात. नाचतात ही गोष्ट इतिहासकारांना किंचित अवघड वाटते. ते तिला तळटीपेत ठेवतात. वस्तुतः सारे रहस्य तेथेच आहे. टेक्सासची मजूर कुटुंबे उन्हाळ्यात पिकांमागून उत्तरेस मिशिगन-ओहायोपर्यंत आणि पश्चिमेस कॅलिफोर्नियापर्यंत जात. वाद्यवृंद त्यांच्यामागून जात. शनिवारच्या रात्री भाड्याच्या सभागृहात आठवडाभर वाकलेल्या पाठी सरळ होत, आजीपासून नातीपर्यंत सारे एकाच वर्तुळात फिरत. आपले गाव मागे टाकून आलेल्या माणसास आपल्या गावचे चार जण एका छताखाली भेटणे म्हणजे काय असते, हे परप्रांतात गणेशोत्सवाची वर्गणी गोळा केलेल्या कोणालाही कळेल. चळवळ नसती तरी ही शनिवारची रात्र राहिली असती. तिच्यावाचून चळवळीला मात्र गाणे मिळाले नसते.

आणि ही रात्र घडवून आणणारा तो नायक आहे हे विसरले जाते. गायक पुष्कळ असतात. डझनभर वादक, त्यांचे पगार, बस, ध्वनिक्षेपक, नादुरुस्त रस्ते, बुडवणारे कंत्राटदार हे सारे सांभाळून पाच-सहा दशके एक वृंद उभा ठेवणे हे निराळेच कर्तृत्व आहे. सॅन अँजेलोचा टोनी गेरेरो याच्यासारखा जॅझमध्ये मुरलेला ट्रंपेटवादक त्याच्याकडे आला, तयार झाला, आणि पुढे स्वतःचा ‘टॉर्टिया फॅक्टरी’ हा वृंद काढून गेला. असे जाणारे पुष्कळ झाले. एका दृष्टीने ती शाळाच होती. स्वतःची कंपनी काढण्यामागेही तत्त्वज्ञानापेक्षा हिशेब अधिक होता असे आम्हांस वाटते. दुसऱ्याच्या कंपनीत गाणे कोणते, साज कोणता, कोणत्या भाषेत, हे दुसरा ठरवतो. स्वतःच्या कंपनीत तोटा स्वतःचा, पण ट्राँबोनही स्वतःचा.

त्याचे सारेच ध्वनिमुद्रण थोर आहे असा आमचा दावा नाही. काही ठिकाणी तंतुवाद्यांचा थर साखरेच्या पाकासारखा जाड होतो, आणि ऐंशीच्या दशकातील विद्युत्-कळफलकांचा लखलखाट आज ऐकवत नाही. त्या दशकात तो सीबीएस या बड्या कंपनीकडे गेला, तेथे त्याचा ग्राहक वाढला. ‘लास नुबेस’ची धार मात्र पुन्हा क्वचितच दिसली. त्याच सुमारास बड्या कंपन्यांना तेहानोचा बाजार दिसू लागला होता. १९९० मध्ये ईएमआयने सॅन आंतोनिओची कारा ही कंपनी विकत घेतली. सेलेनाच्या मृत्यूपर्यंत भरभराट झाली. मग नफा आटला तसा त्यांचा उत्साहही आटला, आणि टेक्सासच्याच कित्येक रेडिओ केंद्रांवर मेक्सिकोच्या उत्तरेकडील वृंदांची गाणी लागू लागली. यात कारस्थान कोणाचेच नव्हते. ‘स्पॅनिश बोलणारे ते सारे एक’ असे एकदा व्यापाऱ्याने ठरवले की टेक्सासचे काय, मेक्सिकोचे काय, त्याला फरक उरत नाही.

या वृत्तीचा शेवटचा दाखला पुरस्कारांच्या दप्तरातला आहे. ग्रॅमी पुरस्कार देणाऱ्या संस्थेने १९८४ पासून मेक्सिकन-अमेरिकन संगीतासाठी वेगळा रकाना ठेवला होता. त्यात लिटल जोला ‘१६ दे सेप्तियेंब्रे’ या संग्रहासाठी पुरस्कार मिळाला. पुढे तेहानो संगीतास स्वतःचा रकाना मिळाला. २००८ मध्ये लिटल जो पुन्हा मानकरी झाला, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये ‘रेकुएर्दोस’ (आठवणी) या संग्रहासाठी सत्तरीतला हा माणूस तिसऱ्यांदा पुढे आला. दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, संस्थेने पुरस्कारांचे एकशे नऊ रकाने कमी करून अठ्ठ्याहत्तर केल्याचे जाहीर केले. कमी झालेल्यांत तेहानोचा स्वतंत्र रकाना होता. तो मेक्सिकोच्या प्रादेशिक संगीतात विलीन करण्यात आला आणि पुढच्या वर्षी त्या जोड-रकान्याचा मान पेपे आगिलार या मेक्सिकन रांचेरा गायकास मिळाला. आगिलार गुणी आहे, शिवाय जन्माने सॅन आंतोनिओचा. त्याच्याविषयी तक्रार नाही. पण ज्या संगीतास मेक्सिकोने पोचो म्हणून दारात उभे केले नाही, त्याची नोंद अमेरिकेने मेक्सिकोच्या खाती करून टाकली, आणि कारण दिले ते प्रशासकीय सोयीचे. तेहानो अल्बमचा स्वतंत्र पुरस्कार ज्याच्या हाती शेवटचा पडला तो लिटल जो त्यानंतरही टेक्सासच्या सभागृहांतून शनिवारच्या रात्री ‘लास नुबेस’ गात राहिला, आणि लोक नाचत राहिले.